सरकपट्टी

लग्नपत्रिकांचं जाड कार्ड,
एका बाजूला सोनेरी गणपती, दुसरी बाजू कोरी.
कापून उरलेल्या पट्ट्या मी प्रेसमधून घरी आणतो.
मालक म्हणतात, रद्दीच ती, ने.
त्यांना वाटतं, पोरांच्या अभ्यासाला नेत असेन.
पोरं नाहीत. पाणबुडी आहे.

सांगलीतून समुद्र दूर, घाट उतरून.
मी तो तीनदा पाहिलाय, तिन्ही वेळा गणपतीपुळ्याला,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.
पण रात्री साडेनऊनंतर गावभागातल्या आमच्या खोलीत
उत्तर अटलांटिक असतो.
गणित आपोआप करायची सोय खेळात आहे.
ती मी बंद ठेवतो.
आपोआप बुडालं तर बुडवलं कुणी?

आधी रेघा.
एक ते दोनला जितकी जागा, तितकीच दोन ते चारला,
तितकीच चार ते आठला.
मोठं होईल तसं दाटीत राहायचं,
हे अंकांना आमच्या गल्लीइतकंच कळतं.
पहिल्या पट्टीत माझा सात आठच्या जागी बसला,
एक मालवाहू जहाज निवांत निघून गेलं.
दुसरी ओल धरून फुगली, जागची हलेना.
तिला मेणबत्ती घासली.
वरून सरकणारी काच म्हणजे
आण्णांची मिरजेच्या दवाखान्यातली एक्स-रे फिल्म.
ब्लीचमध्ये ठेवली तर बरगड्या आधी गेल्या,
तो डाग मागाहून.
तिच्या मधोमध तार चिकटवली.
सतारी करणाऱ्या दस्तगीरमामूंनी दिली होती,
ही आता वाजायची नाही म्हणत.

डोलकाठी अठ्ठावीस मीटर.
पेरिस्कोपात ती सव्वा अंशाहून किंचित वर.
पट्टी सरकवली. बाराशे मीटर.
लांबी एकशे तीस,
उभ्या रेघेवरून पूर्ण जायला बत्तीस सेकंद. आठ नॉट.
टॉर्पेडो तीसचा.
टिचबटणावर चकती फिरवली. साडेपंधरा अंश पुढं.
म्हणजे जहाज आत्ता जिथं नाही, तिथं.
मग फक्त मोजायचं. एक्याऐंशी सेकंद.

आई पलीकडं नवकाराची माळ ओढत होती.
सूर्यास्ताआधीचं जेवण, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही,
झोप मात्र उशिरा.
चौसष्टाव्या सेकंदाला म्हणाली,
"भरतेश, किती माणसं असत्यात रं तसल्यात?"
"खोटं आहे आई. चित्रं आहेत."
"मग एवढं खरं मोजतोस कशाला?"

स्पीकर बारीक केला होता,
तरी आवाज झालाच.

पट्टी हातात घेऊन बसलो.
उंची, लांबी, वेग, अंतर.
बरोबर चालत होतं सगळं.

सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली,
"मला कर की तसलं एक.
बस्तीतल्या कॅलेंडरावरचे आकडे दिसत नाहीत आता.
दिवस कधी मावळतोय तेवढं कळलं की झालं."
दोन रविवार गेले.
खालच्या चकतीवर बारा महिने, पंधरवड्याच्या खुणा,
वरच्या चकतीला खिडकी, आकडे ठळक, लाल शाईत.
नोव्हेंबरअखेर फिरवून दाखवलं. पाच सत्तावन्न.
तिनं डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं.
"पाच मिनिटं कमीच दाखवू दे.
चुकलंच तर अलीकडं चुकावं."

तशा सगळ्या खिडक्या पुन्हा खोडल्या, पुन्हा लिहिल्या.
माझ्याकडच्या एकाही पट्टीत अलीकडं नाही.
तिथं चुकणं म्हणजे पुढून किंवा मागून जाणं.
त्या रात्री साडेपंधरा अंशांवर तार धरून
मी बराच वेळ बसलो.
मग सोडला. सोडला नाही असं कसं म्हणू?
मागून गेला.

आईची चकती आता चुलीशेजारच्या खिळ्याला असते.
ती मी छापायला चुकलेल्या पत्रिकेतून कापली होती,
मागं कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त आहे,
गोरज, सहा वाजून बारा मिनिटं.
आई वाचते आणि हसते.
तोवर तिचं ताट घासून पालथं असतं.